दुसरे यंत्र : बिठूरची विहीर, डौंडियाखेडा आणि वाळूतले सोने



आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून निघाला. हे गृहस्थ मूळचे कोकणातले, पण नोकरीनिमित्त लखनौला स्थायिक झालेले. त्यांच्याकडे एक साधा मेटल डिटेक्टर आहे. लखनौच्या आसपास, ओळखीच्या शेतकऱ्यांच्या परवानगीने, हरवलेली अवजारे, नांगराचा फाळ असले काही शोधून देणे हा त्यांचा सुट्टीचा छंद. मे महिन्यात गावी गेले की समुद्रकिनारी हेच यंत्र वेड्यासारखे ओरडत सुटते. त्यांनी विचारले, "किनाऱ्यासाठी आणि उथळ पाण्यासाठी दुसरे यंत्र घ्यायचे आहे. कोणते घेऊ?"

इतिहासाच्या कार्यक्रमात हा प्रश्न कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण लखनौच्या परिसराने जमिनीखालचे आणि पाण्याखालचे धन शोधण्याच्या दोन मोठ्या मोहिमा पाहिल्या आहेत. त्यातली पहिली तर आपल्या पेशव्यांच्या घरातली. त्या दोन्ही समजून घेतल्या की यंत्राचे उत्तर सोपे होते. म्हणून आधी गोष्ट, मग सल्ला.

बिठूरची विहीर

१८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. वर्षाला आठ लाखांची पेन्शन ठरली आणि कानपूरजवळ गंगेच्या काठी बिठूर, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडचे ब्रह्मावर्त, हे राहण्याचे ठिकाण ठरले. त्यांच्यामागून शेकडो मराठी कुटुंबे तिथे गेली. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले. इंग्रजांनी ही पेन्शन दत्तकपुत्र नानासाहेबांना द्यायचे नाकारले. पेन्शन गेली, तरी पेशव्यांची घरातली संपत्ती नानासाहेबांकडे होती.

जुलै १८५७ मध्ये हॅवलॉकने कानपूर परत घेतले. नानासाहेब गंगा ओलांडून अवधात गेले. जाताना सगळे बरोबर नेणे शक्य नव्हते. सोन्याचांदीची भांडी आणि जड वस्तू वाड्याच्या विहिरीत टाकल्या गेल्या. पाणी हाच पहारेकरी.

डिसेंबर १८५७ मध्ये होप ग्रँटची फौज बिठूरला आली आणि विहिरीचा सुगावा लागला. ९३व्या हायलँडर्स पलटणीतल्या फोर्ब्स-मिचेल या शिपायाने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात या कामाचे वर्णन आहे. विहिरीवर चौकट उभी केली, कप्प्या बसवल्या, चामड्याचे मोठे पोहरे लावले आणि गोरे सैनिक पाळ्या लावून पाणी उपसू लागले. वर उपसायचे आणि खाली झऱ्यांनी पुन्हा भरायचे. ऐन थंडीत माणसे आत उतरून गाळ चाळत होती. चांदीची, सोन्याची ताटे निघाली. चांदीचा हौदा निघाला. ज्यांनी पाणी उपसले त्यांना बक्षिसाची आशा दाखवली होती. फोर्ब्स-मिचेलच्या तक्रारीनुसार त्यांच्या हाती काहीच पडले नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या मोहिमेत यंत्र नव्हते, पण माहिती पक्की होती. धन कोणी, कधी आणि कुठे टाकले हे माहीत होते. म्हणून ते सापडले.

स्वप्न आणि १००० टन

आता १५६ वर्षे पुढे येऊ. लखनौहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, उन्नाव जिल्ह्यात, गंगेकाठीच डौंडियाखेडा नावाचे गाव आहे. तिथल्या पडक्या गढीचे राजा रामबख्श सिंह. जून १८५७ मध्ये कानपूरच्या सतीचौरा घाटावरून निसटलेल्या इंग्रजांच्या नावेवर या भागात हल्ला झाला. त्याचा ठपका ठेवून पुढे रामबख्श सिंहांना फाशी दिले गेले.

२०१३ साली शोभन सरकार या साधूंनी सांगितले की राजा स्वप्नात आला आणि गढीखाली १००० टन सोने असल्याचे सांगून गेला. जरा हिशेब करा. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेजवळचे सगळे सोने साडेपाचशे टनांच्या थोडे वर होते. म्हणजे अवधातल्या एका लहान जहागिरीखाली देशाच्या बँकेच्या जवळपास दुप्पट सोने! तरीही चक्रे फिरली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जागेची पाहणी केली. ५ ते २० मीटर खोलीवर, चुंबकीय नसलेले, आजूबाजूपेक्षा वेगळे काहीतरी आहे, असा त्यांचा अहवाल होता. १८ ऑक्टोबर २०१३ रोजी पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम सुरू केले. गावात जत्रा भरली. वाहिन्यांच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, पोलिसांचे कडे.

नोव्हेंबरमध्ये काम थांबले. खापरे निघाली, बांगड्यांचे तुकडे, लोखंडी खिळे, जुन्या भिंती निघाल्या. सोने निघाले नाही.

उपकरण खोटे बोलले का? नाही. "इथे काहीतरी वेगळे आहे" एवढेच ते म्हणाले होते. त्या "काहीतरी"चे "सोने" ऐकणाऱ्यांनी केले. बिठूरला माहिती होती आणि यंत्र नव्हते. डौंडियाखेड्याला यंत्र होते आणि माहितीच्या जागी स्वप्न होते.

राष्ट्राध्यक्षाच्या पाठीतली गोळी

यंत्र काय ऐकते आणि माणूस काय समजतो, हा घोटाळा यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरातच राहिली. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा जोडून एक उपकरण बनवले. धातू जवळ आला की कर्ण्यात आवाज यायचा. प्रयोगात ते उत्तम चालले. राष्ट्राध्यक्षांच्या खाटेवर मात्र आवाज भलतीकडेच येऊ लागला. नंतर कळले की गादीत पोलादी तारा होत्या. शिवाय डॉक्टरांनी बेलला उजवीच बाजू तपासू दिली, आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

पुढे १९३० च्या दशकात गेरहार्ड फिशर याने अमेरिकेत धातुशोधक बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी योझेफ कोसात्स्की याने स्कॉटलंडमध्ये राहून हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक तयार केला, तो १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात कामी आला. युद्ध संपल्यावर उरलेली लष्करी यंत्रे स्वस्तात विकली गेली आणि हौशी शोधकांची जमात जन्माला आली. म्हणजे छंदाचे हे यंत्र मुळात जीव वाचवण्यासाठी घडले.

समुद्र ओरडतो का?

आता आपल्या लखनौच्या श्रोत्याकडे वळू. त्यांचे पहिले यंत्र बहुधा एकाच वारंवारितेचे, सतत लहरी सोडणारे. शेतात ते छान चालते. नदीतही चालते, कारण गंगा-गोमतीचे पाणी गोडे, विजेचे वहन फार कमी. समुद्राचे पाणी खारे, ते गोड्या पाण्याच्या साधारण शंभर पट वीज वाहते. त्यामुळे ओली खारट वाळूच यंत्राला धातूसारखी "दिसते". आवाज बंद करण्यासाठी संवेदनशीलता कमी केली, की त्याबरोबर बारीक अंगठीही ऐकू येईनाशी होते. कारण खाऱ्या वाळूचा आवाज आणि पातळ सोन्याचा आवाज एकमेकांच्या फार जवळचे.

कोकणात आणखी एक अडचण. रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइटची काळी वाळू आहे. मीठ आणि लोहयुक्त खनिज, दोन्ही एकत्र.

यावर दोन उपाय निघाले. एक उपाय १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये पुरातत्त्वाच्या कामासाठी विकसित झाला : पल्स इंडक्शन. हे यंत्र सतत बोलत नाही. क्षणभर जोराचा झटका देते, गप्प होते आणि मग ऐकते. खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद लगेच विरतो, धातूचा थोडा टिकतो. दुसरा उपाय एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणाऱ्या यंत्रांचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती आली. मीठ वेगवेगळ्या वारंवारितेला वेगवेगळे उत्तर देते, त्यावरून यंत्र मिठाचा हिस्सा वजा करते.

मग घ्यायचे कोणते? माझे मत असे.

तुम्ही बहुतेक वेळ नदीत आणि तळ्यात काढणार असाल, तर खास समुद्राचे यंत्र नको. तुमच्या पहिल्याच जातीचे, पण पूर्ण जलरोधक घ्या. फक्त खालची तबकडी नव्हे, वरची पेटी आणि हेडफोनची जोडणीही पाणी सहन करणारी हवी. अनेक यंत्रांची तबकडी भिजलेली चालते, पेटी चालत नाही. घेण्यापूर्वी हे विचाराच.

वर्षातून काही दिवस समुद्र आणि बाकी शेत-नदी असेल, तर अनेक वारंवारितांचे जलरोधक यंत्र. लखनौच्या गृहस्थांना मी हेच सुचवले. ते लोखंड आणि इतर धातू यांत बऱ्यापैकी फरक करते.

फक्त समुद्र, त्यातही काळी वाळू, तर पल्स इंडक्शन. पण ते खिळा आणि अंगठी यांत फारसा भेद करत नाही. प्रत्येक आवाजाला वाकावे लागेल. कंबर शाबूत आहे ना, ते आधी पाहा.

कोणतेही घ्या, एक परीक्षा करा. घरातली पातळ अंगठी दोऱ्याला बांधून ओल्या वाळूत वीतभर पुरा आणि यंत्र फिरवा. बारीक साखळी मात्र जवळपास कुठल्याच यंत्राला नीट ऐकू येत नाही, हे मान्य करून चाला. आणि हातातली यंत्रे नाणे फार तर वीत-दीड वीत खोलीवर शोधतात. पाच मीटर खालच्या हंड्यासाठी कोणी यंत्र विकत असेल, तर तो डौंडियाखेडाच विकतो आहे.

गंगेच्या पुलाखाली दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी मुले तुम्ही पाहिली असतील. एक-दोन रुपयांची पोलादी नाणी चिकटतात, तांब्या-निकेलची जुनी चिकटत नाहीत. त्या मुलांना आपल्या साधनाची मर्यादा पक्की ठाऊक असते. आपल्यालाही ती ठाऊक हवी.

हंडा आणि माणूस

आता यातला सगळ्यात गंभीर भाग. आपल्याकडे गुप्तधनाची ओढ नवी नाही. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, ही समजूत घरोघर ऐकलेली. ऐकायला गंमत वाटते. पण याच नादात लोकांनी पोरांचे बळी दिले आहेत. ज्या वर्षी डौंडियाखेड्यात खोदकाम चालले होते, त्याच वर्षी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्टच्या खुनानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा पाण्याच्या शोधासाठी करणी-भानामतीच्या नावाने केलेली अमानुष कृत्ये आणि नरबळी यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याच्या परिशिष्टात हे कलम घालावे लागले, यावरून रोगाचे मूळ किती खोल आहे ते समजा.

म्हणून यंत्र हातात घेणाऱ्याची जबाबदारी वाढते. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवली आणि कोणी मालक पुढे आला नाही, तर सापडणाऱ्याला सामान्यतः तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारला ती वस्तू हवी असेल, तर किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ती घेता येते. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, पण प्रामाणिक माणसाला त्यात न्याय आहे.

संरक्षित किल्ल्यांच्या आणि स्मारकांच्या आसपास यंत्र नेऊच नका. जमिनीतून उपटलेले नाणे नुसता धातू असते. कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी ते होते, यात इतिहास असतो, आणि तो एकदा उपटला की परत पेरता येत नाही. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर कासवांच्या विणीच्या दिवसांत वाळू उकरू नका. इतरत्रही स्थानिक प्रशासनाला विचारून मगच जा, आणि केलेला खड्डा बुजवा.

मग उरते काय? भरपूर उरते. आमच्या लखनौच्या श्रोत्यांनी शेवटी सांगितले, की त्यांना मुळात यंत्र हवे होते ते गावातल्या एका वहिनींसाठी. ओहोटीला शिंपल्या काढताना त्यांचे मंगळसूत्र तुटले आणि सोन्याची वाटी वाळूत गेली. कुठे गेली ती जागा त्यांना ठाऊक आहे, कधी गेली तेही ठाऊक आहे.

मी म्हटले, मग यंत्र जरूर घ्या. बिठूरला जे होते ते तुमच्याकडे आहे, आणि बिठूरला जे नव्हते ते तुम्ही विकत घेताय. ओहोटीच्या वेळा पाहून ठेवा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.