सड्या स्वाराची राहुटी

अबुल फजलानें ‘आइने-अकबरी’ या ग्रंथांत अकबर बादशहाच्या छावणीचें तपशीलवार वर्णन करून ठेविलें आहे. बादशहाचा मुक्काम हलला म्हणजे ती छावणी वाहून नेण्यासाठीं १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत, असें तो सांगतो. रात्रीपुरतें डोक्यावर छप्पर असावें, या साध्या गरजेचें ऐश्वर्य किती वाढवितां येतें, त्याचें हें एक टोक झालें. आज मी आपणांस दुसऱ्या टोकाची हकीकत सांगणार आहें. एक मनुष्य, एक सायकल, आणि त्या सायकलीवर बांधलेली दीड-दोन किलो वजनाची एक गुंडाळी. सायंकाळीं ती सोडली कीं दहा मिनिटांत घर उभें राहतें. सकाळीं गुंडाळली कीं त्या घराचें पुन्हां ओझें होतें.

आपल्या जुन्या लष्करी भाषेंत अशा प्रवाशाला एक नेमका शब्द आहे : सडा. सामानसुमान आणि कुटुंबकबिला मागें ठेवून निघालेल्या फौजेला ‘सडी फौज’ म्हणत. एकट्या, मोकळ्या घोडेस्वाराला ‘सडा स्वार’. सडेपणाची किंमत महाराष्ट्राला पानिपतानें शिकविली. १७६० सालीं उत्तरेंत गेलेल्या सैन्याबरोबर जड तोफा, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा एवढा भार होता कीं, ज्या चपळाईवर मराठ्यांचा गनिमी कावा उभा होता तिलाच लगाम बसला. आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं इतर अनेक कारणांबरोबर त्या भाराचाही हिशेब चुकवावा लागला. सायकलीच्या प्रवासांत एवढ्या मोठ्या गोष्टी पणाला लागत नाहींत हें खरें; पण नियम तोच आहे. किंबहुना तो अधिक कठोर आहे. घोड्याला दाणावैरण घालून त्याच्या पाठीवर ओझें लादतां येतें. सायकलस्वाराचा घोडा म्हणजे त्याचे स्वतःचेच दोन पाय! घाटाच्या चढावर प्रत्येक अनावश्यक वस्तु त्याला आपलें वजन सांगत असते.

या राहुटीच्या इतिहासाचा पहिला अध्याय कापडाचा आहे. जुने तंबू जाड सुती किंवा तागाच्या कापडाचे असत. घट्ट विणीच्या सुती कापडाचा एक मोठा गुण असा कीं, तें भिजलें म्हणजे त्याचे धागे फुगतात, विणींतील छिद्रें बुजतात आणि पाणी आंत येत नाहीं. पण आंतून त्याला हात लागला कीं तेथेंच ठिबकूं लागतें. शिवाय भिजलेलें कापड इतकें जड होतें कीं तें उचलण्यास जनावरच हवें. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिंटॉश यानें कापडाच्या दोन थरांमध्यें रबराचा थर बसविण्याचें पेटंट घेतलें, तेव्हां हा प्रश्न सुटला असें वाटलें. प्रत्यक्षांत एक नवाच प्रश्न उभा राहिला. ज्या कापडांतून पाऊस आंत येत नाहीं, त्यांतून मनुष्याच्या श्वासाची वाफही बाहेर जात नाहीं. ती थंड कापडावर पाण्याच्या थेंबांच्या रूपानें जमते आणि पहांटे झोपलेल्याच्या अंगावर टपकूं लागते. बाहेरच्या पावसापासून वांचलेला प्रवासी आपल्याच श्वासानें भिजतो! हा पेंच पुढील सारा काळ तंबू करणाऱ्यांना छळीत आला आहे.

दुसरा अध्याय गिर्यारोहकांचा. एडवर्ड व्हिम्पर या इंग्रज चित्रकोरक्यानें १८६२ सालीं, मॅटरहॉर्न शिखराच्या स्वाऱ्या चालू असतांना, एक नवा तंबू बनविला. दोन्ही टोंकांना कैचीसारख्या दोन-दोन काठ्या, आणि खालीं जलाभेद्य जमीन कापडालाच शिवलेली. वाऱ्यापुढें तो टिकला. पण त्याचें वजन सुमारें २३ पौंड होतें, आणि तें वाहण्यास हमाल लागत. पुढच्या पिढींतील आल्बर्ट ममरी यानें प्रश्नच निराळ्या रीतीनें मांडला. तंबूसाठीं वेगळ्या काठ्या हव्यातच कशाला? गिर्यारोहकाच्या हातीं बर्फाची कुऱ्हाड असतेच. तीच खांब म्हणून उभी करावी. कापड रेशमाचें घ्यावें. अशा युक्तीनें त्याचा तंबू चार पौंडांच्या आंत आला. हाच ममरी १८९५ च्या ऑगस्टमध्यें आपल्या दोन गुरखा साथीदारांसह नंगा पर्वतावर नाहींसा झाला; पण त्यानें घालून दिलेला धडा मागें राहिला. वजन कमी करण्याचा खरा मार्ग वस्तु बारीक करण्याचा नाहीं. एका वस्तूला दोन कामें लावण्याचा आहे.

हाच धडा सायकलीच्या जगांत एका विलक्षण माणसानें गिरविला होता. टॉमस स्टीव्हन्स हा २२ एप्रिल १८८४ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, तो पुढें प्रचंड आणि मागें चिमुकलें चाक असलेल्या उंच सायकलीवर बसून. त्या सायकलीवर सामान बांधण्यास जागाच नव्हती. मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक पावसाळी कोट, एवढाच त्याचा संसार. दिवसा तो कोट अंगावर. रात्रीं तोच तंबू आणि तेंच अंथरूण! या सामग्रीवर त्यानें अमेरिका व युरोप ओलांडला, लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत आपल्या जुन्या हमरस्त्यानें तो १८८६ सालीं गेला, आणि त्याच वर्षाच्या १७ डिसेंबर रोजीं योकोहामा येथें त्यानें पृथ्वीप्रदक्षिणा संपविली. मात्र हें धाडस सर्वांच्या आवांक्यांतलें नव्हतें. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली याची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ सालीं डनलॉप यानें हवेच्या धांवेचें पेटंट घेतलें, आणि सायकल साध्या माणसाच्या हातीं आली. आतां सामान बांधण्यास जागा झाली. प्रश्न राहिला तो रात्रीचा. गांवोगांवच्या खाणावळींत उतरावयाचें, तर कारकुनाच्या किंवा कारागिराच्या सुट्टीचे पैसे दोन दिवसांत संपत.

या प्रश्नाला उत्तर मिळालें तें एका शिंप्याकडून. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनमधील शिंपी १८४४ सालीं जन्मला. हा सामान्य कारागीर नव्हे. शिंप्यांच्या धंद्याला वाहिलेल्या एका नियतकालिकाचा तो संपादक होता, आणि कपडे बेतण्याच्या शास्त्रावर त्यानें ग्रंथ लिहिले होते. वयाच्या नवव्या वर्षीं, १८५३ सालीं, आईबापांबरोबर त्यानें अमेरिकेंतील विस्तीर्ण गवताळ मैदानें गाड्यांच्या तांड्यांतून ओलांडलीं होतीं. उघड्या आकाशाखालच्या मुक्कामांची ती ओढ त्याला जन्मभर पुरली. पुढें लहानशा होडींतून स्कॉटलंडच्या जलाशयांवर हिंडतांना तो तंबूंत राहिला. आणि १८९७ सालीं आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनेमारा या खडकाळ, दलदलीच्या आणि पावसाळी प्रदेशांत तो सायकलीवर तंबू बांधून गेला. त्या प्रवासाचें पुस्तक १८९८ सालीं निघालें.

शिंपी असणें हेंच त्याचें भांडवल होतें असें मला वाटतें. सैनिकांचा तंबू करणारा जाड कापड घेतो, कारण त्याला ताण कोठें पडेल याचा विचार करावयाचा नसतो. सगळेंच जाड असलें म्हणजे झालें. कोट शिवणाऱ्याला मात्र ठाऊक असतें कीं, ताण खांद्यावर व काखेंत पडतो, पाठीवर नाहीं. म्हणून तो तेवढ्याच जागीं दुहेरी कापड घालतो आणि बाकीचें हलकें ठेवितो. होल्डिंग यानें हीच दृष्टि राहुटीला लावली. बारीक विणीचें सुती किंवा रेशमी कापड आणि बांबूच्या काठ्या असें त्याचें साहित्य होतें. अंगाला बेतून कोट शिवावा, तसा त्यानें एका माणसाच्या झोपेला बेतून तंबू शिवला.

समानशील माणसें लौकरच त्याच्याभोंवतीं जमलीं, आणि १९०१ सालीं सायकलीवरून छावणीला जाणाऱ्यांचा एक संघ त्यानें स्थापन केला. आज ‘कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब’ या नांवानें चालणाऱ्या मोठ्या संस्थेचा उगम तो हाच. १९०८ सालीं होल्डिंग याचें छावणीकरांचें मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि त्यांतून हें शिंपीकाम घरोघर पोहोंचलें. १९०९ सालीं या क्लबाचा अध्यक्ष झाला तो दक्षिण ध्रुवाचा प्रवासी कॅप्टन स्कॉट. तीनच वर्षांनीं, १९१२ च्या मार्चअखेर, ध्रुवावरून परततांना तो आणि त्याचे दोन सोबती आपल्या तंबूंतच मरण पावले. अन्नाचा मोठा सांठा तेथून अवघा ११ मैल दूर होता. नोव्हेंबरांत शोध करणारे तेथें पोहोंचले तेव्हां तंबू उभाच होता. त्यांनीं तो मृतांवर पाडला आणि वर बर्फाचा ढीग रचला. राहुटीचेंच कफन झालें. तंबू वाऱ्याला अडवितो, भुकेला अडवीत नाहीं. हलकें किती व्हावें यालाही मर्यादा आहे, आणि ती पुढच्या मुक्कामाच्या अंतरावर अवलंबून असते, हें विसरतां कामा नये.

यानंतरचा अध्याय रसायनशाळेचा. १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरोदर्स याच्या हाताखालीं नायलॉन तयार झालें. दुसऱ्या महायुद्धांत हवाई छत्र्यांसाठीं तें वापरलें गेलें, आणि युद्धानंतर रेशमाची जागा त्यानें तंबूंतही घेतली. श्वासाच्या वाफेचा जुना पेंच कापड दुहेरी करून सोडविण्यांत आला. आंत जाळीचा किंवा हवा खेळूं देणाऱ्या कापडाचा थर, बाहेर पाणी न शिरणारा थर, आणि मध्यें चार बोटें मोकळी हवा. वाफ आंतल्या थरांतून निसटते, बाहेरच्या थरावर जमते आणि जमिनीकडे ओघळून जाते. काठ्यांच्या जागीं अॅल्युमिनियमच्या लवचिक दांड्या आल्या. १९७५ सालीं अमेरिकेंतील एका कंपनीनें बकमिन्स्टर फुलर याच्या घुमटाच्या कल्पनेवर तंबू काढला, आणि दोरखुंट्यांवांचून आपल्याच ताणावर उभ्या राहणाऱ्या राहुट्यांचा प्रसार झाला. अलीकडे तर शर्यतीच्या गलबतांच्या शिडांसाठीं काढलेलें कापड वापरून अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा तंबूही मिळतो. त्याची किंमत मात्र वजनाच्या उलट प्रमाणांत असते!

आतां आपणांपैकीं कोणी तरुण एकटाच लांबच्या सफरीवर निघणार असेल, तर या इतिहासांतून त्यानें काय घ्यावें? पहिली गोष्ट ममरीची. आज अतिशय हलके म्हणून जे तंबू विकले जातात, त्यांतील पुष्कळ गिर्यारोहकाच्या हातकाठ्यांवर उभे राहतात. पायीं चालणाऱ्याच्या हातीं काठी असतेच. सायकलस्वाराच्या हातीं ती नसते. त्यानें असा तंबू घेतला तर काठी वेगळी वाहावी लागेल, आणि वांचविलेलें वजन पुन्हां सायकलीवर चढेल. दुसरी गोष्ट दांड्यांच्या लांबीची. सायकलीच्या मुठींमध्यें बसेल अशी गुंडाळी हवी, तर घडी केलेली दांडी सुमारें ३० सेंटिमीटरची असावी. ती लांब असली तर पिशवीबाहेर येते आणि गुडघ्याला लागते.

तिसरी गोष्ट जमिनीची. कोंकणांत जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला ‘सडा’च म्हणतात, हा भाषेचा मोठा गमतीचा योग आहे. आमच्या सड्या स्वाराला त्या सड्यावर खुंटी ठोकतां येत नाहीं. तेथें स्वतःच्या ताणावर उभा राहणारा तंबू पांच-सहाशें ग्रॅम जड असला तरी घ्यावा. दोर मात्र दगडांना बांधावेत, नाहीं तर वारा आला म्हणजे घर आणि घरधनी निरनिराळ्या दिशांना जातील. चौथी गोष्ट हवेची. थंड देशांसाठीं केलेला बंदिस्त तंबू आपल्या दमट रात्रीं भट्टी होतो. आपल्याकडे आंतला थर जाळीचा असावा. आणि पाऊस पडत असतांना आधीं बाहेरचा थर उभारतां यावा, नाहीं तर आंतला उभा होईतों तळें सांचतें.

शेवटची गोष्ट होल्डिंगची, म्हणजे मापाची. तंबू घेण्यापूर्वीं दुकानांतच त्यांत शिरून निजावें, आणि मग उठून बसावें. केवळ निजतां येतें असा तंबू हलका असतो; पण ज्या दिवशीं पाऊस खळत नाहीं, त्या दिवशीं त्यांत बारा तास काढावे लागतात, आणि ताठ बसतां न येणाऱ्या माणसाचा उत्साह पहिल्या दुपारींच संपतो. डोकें छताला न लागतां बसतां येणें याचें दोनशें ग्रॅम द्यावें लागले, तर तें कर्ज नव्हे, तो विमा आहे. वजन दुकानांतल्या तराजूवर पाहावें, पण निर्णय भिजलेल्या रात्रीची आठवण ठेवून करावा.

बादशहाच्या छावणीला शंभर हत्ती लागत. कारण त्याला आपलें सारें नगर बरोबर न्यावयाचें होतें. लंडनच्या शिंप्यानें आपलें नगर घरीं ठेविलें आणि फक्त झोप बरोबर घेतली. म्हणून कोठल्याही खाणावळीच्या दाराशीं पैसे न मोजतां, सांज होईल तेथें मुक्काम करण्याची मोकळीक साध्या नोकरदाराला मिळाली. काय न्यावें हें बाजार सांगेल. काय मागें ठेवावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें, आणि सडेपणाची सारी विद्या त्या निर्णयांत आहे.