पंचवटी : बाजारपेठ आणि कारागीर

पंचवटी हा नाशिक शहराचा गोदावरीच्या डाव्या तीरावरील भाग. रामकुंड, सीतागुंफा, कपालेश्वर आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधवलेले काळाराम मंदिर यांमुळे तीर्थ म्हणून त्याचे वर्णन सर्वत्र आढळते. इंग्रजी अमलात हीच वस्ती आसपासच्या शेतकरी गावांचीही पेठ होती. त्या बाजूकडे माहितीपुस्तके फारशी वळत नाहीत.

नाशिक १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले, १८६४ मध्ये तेथे नगरपालिका झाली आणि १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा बनला. कचेऱ्या, सराफ बाजार, भांडी बाजार आणि तांबट आळी नदीच्या पलीकडे, मूळ गावात होती. पेठ, दिंडोरी, मखमलाबाद, आडगाव या बाजूंचे रस्ते मात्र अलीकडच्या तीरावर येऊन मिळत. नाशिकला निघालेली बैलगाडी आधी पंचवटीत शिरे. व्हिक्टोरिया पूल (आताचा अहिल्यादेवी होळकर पूल) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात झाला. त्याआधी पावसाळ्यात नदी भरली की पलीकडची पेठ तुटे आणि शेतकऱ्याला मीठमिरचीपासून दोरापर्यंत सारे अलीकडेच पाहावे लागे. पेठ नाका, दिंडोरी नाका, मखमलाबाद नाका, आडगाव नाका ही नावे आजही त्या वाहतुकीची खूण सांगतात.

या पेठेला दोन गिऱ्हाइके होती आणि त्यांचे हंगाम निराळे. यात्रेकरू पर्वकाळी येई. दर बारा वर्षांनी सिंहस्थात त्याची गर्दी उसळे. कुंकू-बुक्का, तुळशीमाळा, पूजेची उपकरणी, गोदावरीचे पाणी भरून नेण्याचे तांब्याचे गडू असा माल त्याच्यासाठी मांडलेला असे. स्थानिक लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे ते पाणीही गंगाजल. क्षौर करणारे न्हावी, वह्यांतून घराण्यांची नावे शोधून देणारे तीर्थोपाध्याय, फुले विकणारे माळी हे सगळे याच गिऱ्हाइकावर जगत. शेतकरी मात्र पिकाच्या पैशावर येई आणि पैसा नसला तर उधारीवर. भुसार आणि किराणा विकणारा दुकानदार बहुधा सावकारही असे. बी-बियाण्याची उचल सुगीला व्याजासह फिटे. कर्जबाजारी कुणब्यांसाठी केलेला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता, नाशिक त्यात नव्हते.

कारागिरांत सुतार आणि लोहार यांची जोडी पहिली. नांगर, कुळव, पाभर आणि गाडीची चाके ही सुताराची कामे. त्यासाठी लागणारे साग आणि बांबू पेठ-सुरगाण्याच्या रानातून गाड्यांनी येत. चाकावर लोखंडी धाव चढवायला सुतार आणि लोहार दोघेही लागत. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना ती आवळते आणि आरे-पुठ्ठे घट्ट धरते. अंदाज चुकला तर धाव ढिली राहते किंवा लाकूड जळते. बैलांना पत्र्या ठोकणारे नालबंदही गाडीवाटेवर हवेतच. गावात बलुत्यावर काम करणारा सुतार सुगीला धान्य घेई. पेठेतला मात्र रोख मागे. त्यामुळे नडीअडीला मोडलेले जू घेऊन कुणबी येथे येई, एरवी गावचेच बलुतेदार त्याला पुरत.

विहीरबागायत वाढली तशी मोटेची गरज वाढली. चामड्याची मोट शिवणे आणि तिला ठिगळ लावणे हे चर्मकारांचे काम, नाडा-सोंदूर वळणे मातंगांचे. भाजी आणि द्राक्षाच्या मळ्यांना पाणी देणारी ही माणसे काळाराम मंदिराच्या दाराबाहेरच उभी राहत. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव (दादासाहेब) गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालला. पंचवटीच्या इतिहासात तो मंदिरप्रवेशाचा लढा म्हणून येतो. पेठेच्या इतिहासातही त्याला जागा द्यायला हवी.

बुरुडांची सुपे, कणग्या आणि टोपल्या, कुंभारांचे रांजण, कासारांच्या बांगड्या हे नित्याचे. रेल्वे नाशिक रोडला आल्यावर मुंबईचा बाजार जवळ झाला आणि फळांसाठी बुरुडकामाची मागणी आली. त्याच वाटेने कारखानी मालही आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने सुताराचे एक काम हलके केले, पुढे तेलाच्या इंजिनांनी मोट बाद केली.

गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार अजून भरतो. नदीला पूर आला की तो हलवावा लागतो. घाऊक व्यवहार दिंडोरी रस्ता आणि पेठ रस्ता येथील बाजार समितीच्या आवारांत गेला, म्हणजे जुन्या गाडीवाटांवरच. तेथे आता ट्रक येतात, आणि आजूबाजूला वेल्डिंगची, टायरची, पंपदुरुस्तीची आणि खते-औषधांची दुकाने दिसतात.