लोह-प्लॅटिनम पातळ थर

लोह व प्लॅटिनम यांचे अणू जवळपास समप्रमाणात असलेल्या मिश्रधातूचे काही नॅनोमीटर जाडीचे थर. अणूंची मांडणी बदलताच धातूचे चुंबकत्व कसे पालटते, हे इतके स्वच्छ दाखवणारा दुसरा पदार्थ क्वचितच सापडेल.

निर्वात कक्षात, न तापवलेल्या आधारपृष्ठावर स्पटरिंगने थर चढवला, तर दोन्ही अणू घनाकार स्फटिक-जालकात वाटेल त्या जागी बसतात. असा थर मृदू चुंबक असतो. थोड्या चुंबकीय क्षेत्रानेही त्याच्या चुंबकनाची दिशा उलटते. तोच थर ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की अणूंना सरकायला वाव मिळतो आणि एक पातळी लोहाची, तिच्यावर एक प्लॅटिनमची, अशी आलटूनपालटून रचना तयार होते. जालक एका दिशेत आखूड होते: आडवी बाजू सुमारे ०.३८५ नॅनोमीटर, उभी ०.३७१. घटक तेच, प्रमाणही तेच. पण थर आता अत्यंत कठीण चुंबक झालेला असतो.

याचे मूळ दोन धातूंच्या भागीदारीत आहे. चुंबकत्व मुख्यतः लोहाचे. प्लॅटिनम जड असल्याने त्याच्या इलेक्ट्रॉनांचे परिवलन कक्षीय गतीशी घट्ट जखडलेले असते आणि शेजारच्या लोहामुळे त्यालाही थोडे चुंबकत्व येते. पातळ्या एकाआड एक लागल्या, की हा परिणाम सगळीकडे एकाच, म्हणजे आखूड झालेल्या, अक्षावर साचतो. अस्ताव्यस्त मांडणीत तो परस्पर खोडला जातो. क्रमबद्ध थरातील चुंबकन या अक्षावरून वळवायला दर घनमीटरला सुमारे ७० लाख जूल ऊर्जा लागते. जुन्या हार्ड डिस्कमधील कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमच्या तुलनेत ही दहापटींहून अधिक आहे. प्रमाण बदलून एका लोहाला तीन प्लॅटिनम केले, तर क्रमबद्ध मिश्रधातू कमी तापमानाला चक्क प्रतिलोहचुंबकीय होते.

२०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जियानवेई मियाओ यांच्या गटाने लोह-प्लॅटिनमच्या एका नॅनोकणातील ६,५६९ लोह व १६,६२७ प्लॅटिनम अणूंची त्रिमितीय स्थाने निश्चित केली. एवढ्याशा कणातही कमीअधिक क्रमबद्ध असे वेगवेगळे भाग आढळले, आणि त्या स्थानांवरून जागोजागचे चुंबकीय गुणधर्म गणिताने काढता आले.

हार्ड डिस्कसाठी आखूड अक्ष थराला लंब हवा. त्यासाठी खाली मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर देतात. त्याचे जालक मोठे असल्याने वरचा थर आडवा ताणला जातो आणि आखूड बाजू उभी राहते. खरी अडचण उष्णतेची आहे. क्रम लावण्यासाठी तापवावे, तर थरातले बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून त्यांच्यामध्ये कार्बन भरतात. इतक्या कठीण चुंबकावर नुसत्या क्षेत्राने लिहिता येत नाही. लेझरने लिहायचा ठिपका क्षणभर क्यूरी तापमानाजवळ, म्हणजे सुमारे ४७५ अंशांजवळ नेऊन नोंद करतात. या पद्धतीवर आधारलेल्या ३० टेराबाइट क्षमतेच्या डिस्कची घोषणा सीगेट कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये केली.