खोलीच्या भाड्याचा इतिहास : बडोदे ते घुग्घुस

थ्रेड लांब आहे, सवडीने वाचा.

घुग्घुस हे चंद्रपूरपासून साधारण २५ किलोमीटरवरचे कोळशाचे गाव. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, झाडांच्या पानांवर बसलेली काळी धूळ. येथील एखाद्या मुलीला बारावीनंतर नागपुरात प्रवेश मिळतो, पण शासकीय वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव नसते. प्रवेश आहे, जागा नाही. अशा वेळी शासनाने तिला काय द्यावे, खाट की पैसे? प्रश्न आजचा वाटतो. महाराष्ट्रात त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

पहिले उत्तर कोल्हापूरचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. खेड्यातून आलेल्या पोराला कोल्हापुरात कोणी घर देणार नाही हे महाराज ओळखून होते, म्हणून त्यांनी आधी छप्पर दिले.

दुसरे उत्तर बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. कोठे राहायचे, कोणासोबत राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. न्यूयॉर्कमध्ये हे उत्तर उत्तम चालले. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंगस्टन हॉलमध्ये आंबेडकरांना खोली मिळाली. तेथील सोबती नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे जन्माचे स्नेही झाले.

आता १९१७ चे बडोदे पाहा. शिष्यवृत्तीच्या करारानुसार आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हाती परदेशी विद्यापीठाचे शिक्षण, महालेखापालांच्या कचेरीत काम, खिशात भाड्यापुरते पैसे. नव्हती ती फक्त खोली. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी सराईत गेले. तेथे पारशाखेरीज कोणास उतरता येत नसे. रिकाम्या सराईच्या रखवालदाराशी तडजोड झाली : रोजचा दीड रुपया द्यायचा आणि नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. वरच्या मजल्यावरील त्या अंधाऱ्या दालनात कंदिलाच्या उजेडात त्यांनी दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले.

संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे कबूल करून आंबेडकर दोन परिचितांकडे गेले. एकाने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. उरलेला वेळ त्यांनी कमाठी बागेत (आजच्या सयाजी बागेत) काढला आणि रात्री ९ ची मुंबईची गाडी धरली. हे सारे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवले आहे. आपण सहसा हा प्रसंग अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तो रोख साहाय्याच्या मर्यादेचाही पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे. भाडे भरण्याची ऐपत असलेला तरुण एका दिवसात बेघर झाला.

म्हणूनच पुढे आंबेडकरांनी दोन्ही मार्ग धरले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२ साली त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे निधी मागितला. त्यातून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज देशभर लाखो विद्यार्थी जिचा अर्ज भरतात, ती हीच.

चंद्रपूरचा या साऱ्याशी संबंध नुसता नकाशावरचा नाही. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा पुढाकार होता. त्या सोहळ्यानंतरच्या पिढ्यांत या जिल्ह्यातून जी मुले शिकायला बाहेर पडली, त्यांच्यापुढे वसतिगृहाच्या जागांचा प्रश्न दरवर्षी उभा राहिला. मुले वाढली, खाटा त्या मानाने वाढल्या नाहीत.

अखेर २०१६-१७ मध्ये राज्याने बडोद्याचे उत्तर पुन्हा हाती घेतले. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ आली, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना’. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याच्या बँक खात्यात भोजन, निवास आणि निर्वाह या तीन खात्यांची रक्कम थेट जमा करायची. स्वाधारमध्ये नागपूर, पुणे, मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. काही इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणांसाठी ४३,०००.

आता थोडे गणित. नागपूरच्या ६०,००० पैकी निवासाचा वाटा २०,०००. ५१,००० पैकी १५,०००. बारा महिन्यांत विभागले तर महिन्याला अनुक्रमे सुमारे १,६६६ आणि १,२५० रुपये. एवढ्यात स्वतंत्र खोली मिळत नाही. चौघांनी एक खोली घेतली तर जमते, आणि मुले तेच करतात.

पैसे दिले तर मुले ते उडवतील, ही शंका अशा प्रत्येक योजनेवर घेतली जाते. कॅनडातील व्हँकूव्हर येथे २०१८ साली सुरू झालेल्या एका प्रयोगात ५० बेघर व्यक्तींना प्रत्येकी ७,५०० डॉलर एकरकमी, विनाअट दिले गेले. तीव्र व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना त्यात घेतले नव्हते, हे विसरू नये. पण रक्कम न मिळालेल्यांच्या तुलनेत त्या वर्षात त्यांचे बेघरपणाचे दिवस सरासरी ९९ ने कमी भरले, आणि दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही.

एकरकमी आणि सुरुवातीलाच, हे दोन शब्द येथे महत्त्वाचे. स्वाधारचा अर्ज महाविद्यालयाच्या प्रवेशानंतर भरायचा, मग पडताळणी, मग निवड, मग हप्ता. घरमालकाला मात्र डिपॉझिट खोलीची किल्ली देण्यापूर्वी हवे असते. हप्ता उशिरा आल्याची तक्रार विद्यार्थी संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. मधल्या महिन्यांत मुलगी नातेवाइकांकडे राहते, सावकाराचे पैसे उचलते किंवा शिक्षण अर्धवट टाकून गावची एसटी पकडते. ही शेवटची शक्यता कोणत्याही बेघरांच्या मोजणीत येत नाही, कारण ती घरीच तर गेलेली असते!

ज्यांना परतायला घरच नाही, त्यांची कथा आणखी बिकट. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणाला आर्थिक साहाय्य देता येईल, अशी तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये आहे. त्यावर स्वतंत्र थ्रेड लिहावा लागेल.

आणि समजा, हप्ता वेळेवर आला. चार मैत्रिणींनी मिळून डिपॉझिट जमवले, नागपुरात खोली पाहायला गेल्या. भाडे ठरण्याआधी घरमालक विचारतात, “आडनाव काय?” बडोद्याच्या सराईत निदान नोंदवहीत दुसरे नाव लिहिता आले होते. आता भाडेकराराला आधार कार्ड जोडावे लागते.