मेण बाहेर, मेण आत

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. या वर्णनाची दखल घेणारे बहुतेक जण कपाळाच्या कातडीचे नाक झाले या नवलापाशी थांबतात. मला त्याच्या आधीची पायरी अधिक मोलाची वाटते. सुरी हातात घेण्यापूर्वी मेणाचा एक पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुडख्यावर बसवला गेला आणि त्या तोंडावर शोभेल असे नाक आधी मेणात घडवले गेले. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि रेघेच्या आतली तेवढीच कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी मात्र जोडलेली ठेवली. कातडी खाली वळवून काथाच्या लेपाने बसवली आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली. सुश्रुतसंहितेतही नाकाच्या मापाचे पान घेऊन त्याबरहुकूम गालाची कातडी काढायला सांगितले आहे. पान असो वा मेण, माप त्याच माणसाच्या चेहऱ्यावरून घ्यायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

आज बोटॉक्स आणि फिलरची इंजेक्शने देणारे दवाखाने ‘तुमच्या चेहऱ्यासाठी स्वतंत्र आराखडा’ ही अगदी अलीकडची प्रगती म्हणून सांगतात. इतिहास वेगळे सांगतो. चेहऱ्यागणिक माप घेणे सिरिंजहून जुने आहे. सिरिंज आली तेव्हा ते मागे पडले, आणि पुन्हा परत आले ते लोकांना इजा झाल्यानंतर. याचे कारण हत्यारातच आहे. कातडी कापणाऱ्याला चूक लगेच दिसते. तुकडा कमी पडला तर तो कुठून आणणार? म्हणून त्याला आधी मोजावेच लागते. सुईचे तसे नाही. ती बारीक भोकातून आत जाते, आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि वरून चेहरा क्षणात भरलेला दिसतो. मापाची गरजच संपल्यासारखी वाटते.

व्हिएन्नाचे शल्यविशारद रोबेर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये क्षयामुळे वृषण गमावलेल्या एका तरुणाच्या शरीरात व्हॅसलिन टोचून पोकळी भरली. लवकरच हीच युक्ती बसक्या नाकांसाठी वापरात आली आणि युरोप-अमेरिकेत पॅराफिनची लाट उसळली. पॅराफिन म्हणजे खनिज मेणच. पुण्याच्या कारागिराने मेण चेहऱ्याच्या बाहेर ठेवून माप घेतले होते. शंभर-एक वर्षांनी डॉक्टर मेण चेहऱ्याच्या आत घालू लागले, आणि माप घेणे राहूनच गेले. त्या काळातला वाद कशावर होता हेही पाहण्यासारखे आहे. गेर्सुनींचे मऊ व्हॅसलिन बरे, की बर्लिनच्या एकश्टाइन यांचे अधिक उष्णतेला वितळणारे घट्ट पॅराफिन बरे, यावर हिरिरीने मते मांडली गेली. चर्चा द्रव्याची झाली, चेहऱ्याची नाही. मेण जागा सोडून सरकले, त्याच्याभोवती कठीण गाठी झाल्या, कातडी लाल पडून फुटली. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन या रूपवतीने विशीतच नाकाची रेघ ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून पॅराफिन टोचून घेतले. ते खाली उतरले आणि तिचा चेहरा कायमचा बिघडला. तिच्यासमोरचा नमुना पुतळ्याचा होता, तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचा नव्हता. पॅराफिन सुटले तरी धडा पुरता उतरला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकॉनने जपानपासून लास वेगासपर्यंत तीच वाट धरली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. कावसजीचे नाक कापले गेले होते. त्याला गेलेले परत हवे होते. सुरकुती घालवायला येणाऱ्याचे काहीच गेलेले नसते. मग या दोघांची तुलना कशी करायची? माझ्या मते या फरकाने माझे म्हणणे उलट बळकट होते. ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याच्याबाबतीत थोडी चूकही सुधारणाच ठरते. धडधाकट चेहऱ्याला हात लावणाऱ्याला तेवढी मोकळीक नाही, म्हणून माप घेण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सुरक्षितता आली ती ठरावीक मात्रांमुळे, व्यक्तीगणिक अंदाजांमुळे नव्हे, असे म्हणता येते, आणि त्यात तथ्य आहे. बोटॉक्समधले बोट्युलिनम विष वैद्यकात स्थिरावले ते सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांच्या काटेकोर मोजमापामुळे. तिरळेपणासाठी त्याला अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या जीन आणि अॅलिस्टर कॅरुथर्स या दांपत्याने भुवयांमधल्या आठ्यांवरचा परिणाम १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. २००२ मध्ये त्यासाठी अमेरिकी मान्यता मिळाली तेव्हा हिशेब ठरलेला होता: पाच जागा, प्रत्येकी ४ युनिट, एकूण २०. असा हिशेब नसता तर एका दवाखान्याचा अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडला नसता. पण याच दांपत्याने २००५ मध्ये पुरुषांवर २० पासून ८० युनिटपर्यंतच्या मात्रा तपासल्या, तेव्हा थोराड स्नायूंना ४० किंवा त्याहून अधिक मात्रा जास्त लागू पडल्या. प्रमाण मात्रा औषधाची ओळख करून देते. समोरच्या माणसाचा स्नायू किती जाड आहे, त्याची एक भुवई आधीच खाली झुकलेली आहे का, हे तिला माहीत नसते. ते बोलणाऱ्या, हसणाऱ्या, कपाळाला आठ्या घालणाऱ्या चेहऱ्याकडे पाहूनच कळते.

प्रमाण सौंदर्याचेही तेच. चेहऱ्याचे तीन समान भाग, डोळ्यांमधले अंतर एका डोळ्याएवढे, असे नियम चित्रकारांकडून वैद्यकात आले. टोरांटोच्या लेस्ली फार्कास यांनी प्रत्यक्ष चेहरे मोजून १९८५ मध्ये दाखवले की गोऱ्या उत्तर अमेरिकी तरुणांतही यातले अनेक नियम बहुतेकांना लागू पडत नाहीत. जिथून हे नियम आले त्या समाजालाच ते बसत नसतील, तर मराठी किंवा मल्याळी चेहऱ्याला ते लावण्याला आधार काय उरतो?

तरीही मला निर्णायक वाटतो तो पुरावा शोभेचा नाही, रक्तवाहिनीचा आहे. कावसजीच्या कपाळापासून नाकापर्यंत जोडलेली ठेवलेली ती चिंचोळी पट्टी का राखली होती? डोळ्याच्या खोबणीतून वर येऊन भुवयांच्या मधून कपाळाकडे जाणारी धमनी त्या पट्टीतून नव्या नाकाला रक्त पुरवत होती. त्या कारागिराला तिचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. पट्टी तुटली तर नाक मरते, हे त्याच्या परंपरेला ठाऊक होते. आज हीच धमनी फिलर देणाऱ्याची सर्वांत मोठी धास्ती आहे. सुईचे टोक तिच्यात शिरले तर द्रव्य दाबाने उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीत जाते आणि दृष्टी जाते. नाकात पॅराफिन टोचल्यावर अंधत्व आल्याची नोंद १९०३ मध्येच झाली होती. २०१५ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा फिलरमुळे दृष्टी बाधित झालेले ९८ रुग्ण सापडले. त्यांत सर्वाधिक इंजेक्शने भुवयांच्या मध्ये आणि त्याखालोखाल नाकात दिलेली होती. ही धमनी प्रत्येकात नेमक्या त्याच जागी, त्याच खोलीवर नसते. आधी नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल तर वाहिन्यांची रचनाही बदललेली असते. म्हणून व्यक्तीगणिक आराखडा हा आवडीनिवडीचा लाड नव्हे, तो शरीररचनेचा हुकूम आहे.

एका बाबतीत आजचा काळ निःसंशय पुढे गेला आहे. गाईच्या कोलॅजनला १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा आधी हातावर चाचणी करून काही आठवडे वाट पाहण्याची अट होती. सुईच्या इतिहासात माणसागणिक तपासणीची सक्ती तिथे ठळकपणे दिसते. त्यानंतर आलेल्या हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरला उतारा आहे. हायल्युरॉनिडेझ हे विकर ते विरघळवते. पॅराफिन टोचून घेतलेल्यांना अशी परतीची वाट नव्हती. पण उताऱ्याची सोय आहे म्हणून आधीची पाहणी आखडती घेतली जात असेल, तर ते मला मान्य नाही. डोळ्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर हातात मिनिटे उरतात, आणि उतारा देऊनही दृष्टी परत येईलच असे नाही.

तेव्हा सुई लागण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या जागेखालून कोणती रक्तवाहिनी जाते? हायल्युरॉनिडेझ याच खोलीत आहे का? आणि माझ्या चेहऱ्याला काहीच केले नाही तर काय बिघडेल? उत्तर देण्याआधी त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही, तर तिथून उठून या.