पोत्यांचा बांध
१२. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून उतार धरायला रचलेला बांध. पावसाळा सरल्यावर ओढ्यात घालतात तो वनराई बंधारा वेगळा. त्याने पाणी अडवायचे, याने पाण्याला वाट द्यायची. बांध उभा राहतो तो पोत्यांच्या वजनावर आणि थरांमधल्या घर्षणावर. म्हणून सांधे मोडून, डोंगराकडे कलते थर रचतात. उंची दुप्पट केली की मागच्या मातीचा एकूण रेटा चौपट होतो. राधानगरीच्या पावसात मात्र खरी धास्ती तुंबलेल्या पाण्याची : पाठीशी दगडगोट्यांचा निचरा नसेल तर बांध पोट काढतो. मूळ मजकुरात लेखक अशा बांधाला ‘पक्का’ म्हणतात, ते जपूनच घ्यावे. प्लॅस्टिकचे उघडे पोते उन्हाने विरते आणि आतली माती वाहून जाते.