मिर्झा गालिब : एक बेमुर्वत वाचक

पुस्तक वाचून झाले की ते कसे वाटले हे चारचौघांना सांगावे, ही माणसाची जुनी हौस आहे. आज आपण त्याला परीक्षण म्हणतो. एकोणिसाव्या शतकातील दिल्लीत आणि लखनौत त्यासाठी एक ठरलेला प्रकार होता, तो म्हणजे 'तक्रीज'. पुस्तक छापून निघण्याआधी लेखक ते एखाद्या नामवंत उस्तादाकडे पाठवी. उस्ताद ते वाचून, कधी न वाचताही, फारसी गद्यात किंवा पद्यात चार शब्द लिहून देई आणि ते पुस्तकाला जोडले जात. तक्रीज या शब्दाचा अर्थच मुळी स्तुती. तेव्हा त्यात काय असणार हे आधीच ठरलेले असे. आपल्याकडील प्रकाशन समारंभांतील भाषणे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना याची कल्पना वेगळी द्यायला नको.

मिर्झा गालिब यांना हे जमत नसे. मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' हे त्यांचे लाडके शागीर्द. त्यांच्या दीवानासाठी मिर्झांनी लिहिलेली स्तुती तफ्तांना अपुरी वाटली, तेव्हा मिर्झांनी त्यांना साफ कळवले की भाटासारखी बडबड करणे माझ्याच्याने होत नाही. ही हकिकत मौलाना हाली यांनी 'यादगार-ए-गालिब' (१८९७) मध्ये दिली आहे. त्याच ग्रंथात हाली सांगतात की मिर्झांनी आयुष्यात पुस्तक म्हणून विकत घेतले नाही. दुकानांतून पुस्तके आणून भाड्याने देणारा एक माणूस होता, त्याच्याकडून ते पुस्तक घेत आणि वाचून परत करीत. स्मरणशक्ती जबरदस्त, पण घरात ग्रंथसंग्रह नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८५५ साली सय्यद अहमद खान यांनी अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'ची संशोधित आवृत्ती तयार केली. ते तेव्हा 'सर' झालेले नव्हते. बिजनौरला सदर अमीन होते आणि वयाने मिर्झांपेक्षा वीस वर्षांनी लहान. अनेक प्रती ताडून पाहिलेल्या, अवघड शब्दांचा खुलासा केलेला, चित्रे काढून घेतलेली, असे ते मेहनतीचे काम होते. त्यांनी मिर्झांकडे तक्रीज मागितली. मिर्झांनी अडतीस शेरांची फारसी मसनवी पाठवली. तिच्यात संपादकाच्या कष्टांचा उल्लेख आहे, पण पुस्तकाविषयीचे मत मात्र उलटे आहे. ते म्हणतात, डोळे उघडून जरा या साहेब लोकांकडे पाहा. ते वाफेवर जहाज चालवतात, तारेवरून क्षणात निरोप धाडतात, तेलावाचून शहरे उजळतात. या नव्या आईनापुढे ते जुने आईन म्हणजे गतवर्षीचे पंचांग होय. मेलेल्यांना जोपासण्यात वेळ घालवू नका. सय्यद अहमद यांनी ती तक्रीज छापली नाही. दोघांचे येणेजाणे थांबले. पुढे १८६० मध्ये रामपूरहून परतताना मिर्झा मुरादाबादच्या सराईत उतरले, तेव्हा सय्यद अहमद तिथे सदरुस्सुदूर होते. ते स्वतः सराईत जाऊन मिर्झांना घरी घेऊन आले आणि मन मोकळे झाले.

या मसनवीमुळे सर सय्यद यांची दिशा बदलली, असे बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते सोयीस्कर वाटते. कारण १८६२ मध्ये त्यांनी बरनीची 'तारीख-ए-फिरोजशाही' संपादित केली, १८६४ मध्ये 'तुझुक-ए-जहांगिरी' काढली, आणि त्याच १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटीही स्थापन केली. म्हणजे 'मेलेल्यांना जोपासणे' आणि नवी विद्या आणणे ही दोन्ही कामे त्यांनी बरोबरच केली. मिर्झांचे मत काळाविषयी अचूक होते. पुस्तकाविषयी ते अन्यायाचे होते. पिके, दर आणि महसूल यांची अबुल फजलने दिलेली माहिती वगळून मोगल काळाचा इतिहास लिहिताच येत नाही. पण जे वाटले ते त्यांनी मित्राला तोंडावर सांगितले, आणि तेही जिथे फक्त स्तुती चालते त्या जागी.

दुसरे प्रकरण याहून मोठे. १८५७ च्या बंडात दिल्ली बंद झाली. इंग्रजांनी शहर घेतल्यावर तर बल्लीमारानमधील घरातून बाहेर पडणेही जिवावरचे होते. ऑक्टोबरात भाऊ मिर्झा युसुफ वारला. त्या दिवसांत मिर्झांजवळ दोनच पुस्तके होती. एक 'दसातीर' आणि दुसरे 'बुरहान-ए-काते' हा फारसी शब्दकोश. वेळ घालवण्यासाठी ते कोश वाचू लागले, आणि जिथे चूक दिसेल तिथे समासात टिपण लिहू लागले. हा कोश आपल्या दक्खनचा. १६५२ मध्ये गोवळकोंड्यात, अब्दुल्ला कुतुबशहाच्या अमदानीत मुहम्मद हुसेन तबरेझी 'बुरहान' याने तो रचला. १८१८ मध्ये कलकत्त्याला कॅप्टन रोबक याने तो छापला, आणि मदरशांतून, दरबारांतून, मुन्शींच्या बैठकीतून त्याचा शब्द अखेरचा मानला जाऊ लागला. मिर्झांना तोच मान खुपला. कोशकर्ता स्वतःला तबरेझी म्हणवतो, मिर्झा त्याला हिणवून 'दकनी' म्हणतात. दक्खनी वाचकांनी हे वाचून हसावे की रागवावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. हिंदुस्थानी फारसीविषयी मिर्झांचा हा तोरा जुनाच होता. अमीर खुसरो वगळता येथील कोणाचीच फारसी त्यांना मान्य नव्हती.

ही टिपणे 'काते-ए-बुरहान' या नावाने १८६२ मध्ये लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून बाहेर पडली आणि गहजब झाला. दोनशे वर्षे प्रमाण मानलेल्या ग्रंथावर एका माणसाने बोट ठेवले होते. सय्यद सआदत अली यांनी 'मुहर्रिक' लिहिले, मेरठच्या मिर्झा रहीम बेग यांनी 'साते-ए-बुरहान', कलकत्ता मदरशाचे शिक्षक आगा अहमद अली यांनी 'मुअय्यिद-ए-बुरहान'. मिर्झा गप्प बसणारे नव्हते. त्यांच्या बाजूने निघालेले 'लताइफ-ए-गैबी' हे पुस्तक त्यांचे औरंगाबादचे शागीर्द मियाँ दाद खान 'सय्याह' यांच्या नावावर आहे. पण ते खुद्द मिर्झांनीच लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मराठवाड्याच्या माणसाचे नाव या भांडणात असे ढालीसारखे वापरले गेले.

निनावी शिवीगाळीची पत्रेही येऊ लागली. हाली सांगतात की एका पत्रात आईवरून शिवी होती. मिर्झा हसून म्हणाले, या मूर्खाला शिवीही देता येत नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला मुलीवरून देतात, जवानाला बायकोवरून, आईवरून द्यायची ती लहान मुलाला! पण पतियाळाच्या अमीनुद्दीन यांनी 'काते-उल-काते'मध्ये जे लिहिले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. डिसेंबर १८६७ मध्ये सत्तरीला टेकलेल्या, बहिऱ्या झालेल्या मिर्झांनी दिल्लीच्या कोर्टात अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. तेव्हा शहरातील काही विद्वान आरोपीच्या बाजूने साक्षीला उभे राहिले आणि त्या अश्लील शब्दांचे सोवळे अर्थ सांगू लागले. शब्दार्थांवरून सुरू झालेले भांडण असे पुन्हा शब्दार्थांवरच, तेही कोर्टात, येऊन ठेपले. मार्च १८६८ मध्ये तडजोड होऊन फिर्याद मागे घेतली गेली. पुढच्या वर्षी १५ फेब्रुवारीला मिर्झा वारले.

मग बरोबर कोण होते? कोशाविषयी मिर्झांना आलेला संशय खोटा नव्हता. नुक्ता इकडचा तिकडे झाला की एकच शब्द तीन-चार रूपांनी वाचला जातो, आणि बुरहानने ही सगळी रूपे स्वतंत्र शब्द म्हणून नोंदवली आहेत. पण प्रत्येक चूक दाखवताना मिर्झा इतर कोश उघडून पाहत नाहीत, कारण घरात ते नव्हतेच. आपल्या कानावर आणि अब्दुस्समद नावाच्या इराणी उस्तादावर ते विसंबतात. हा उस्ताद खरोखर होता का, याविषयी हालींनीच शंका नोंदवली आहे. लोक मला बेउस्ताद म्हणत म्हणून हे नाव घेतले, असे मिर्झा कधी कधी बोलत. पुढे पाटण्याचे काझी अब्दुल वदूद यांनी मिर्झांच्या संशोधनाची कसून झडती घेतली, तेव्हा विरोधकांचेही बरेच मुद्दे खरे ठरले. आगा अहमद अली यांचे काम अभ्यासूचे होते. त्यांना शिवराळ टोळीत मोजणे बरे नव्हे.

आणि ते दुसरे पुस्तक? 'दसातीर' ही प्राचीन इराणी पैगंबरांची वाणी आहे, असा मिर्झांचा विश्वास होता. 'दस्तंबू' (१८५८) लिहिताना अस्सल फारसी म्हणून त्यांनी त्यातील शब्द वापरले. हा ग्रंथ पारशी विद्वान मुल्ला फिरोज यांनी प्रथम आपल्या मुंबईत छापला, आणि तोही १८१८ मध्येच. तो निघाल्यावर मुंबईच्या लिटररी सोसायटीचे विल्यम अर्स्किन यांनी तो बारकाईने वाचला आणि याची भाषा बनावट आहे, पुस्तक प्राचीन नाही, असे मत दिले. ते १८२० मध्ये सोसायटीच्या ग्रंथमालेत छापलेही गेले. हे मत आज सर्वमान्य आहे. आजर कैवानच्या पंथातील लोकांनी अकबराच्या काळाच्या आसपास हा ग्रंथ रचला असावा, असे अभ्यासक मानतात. मुंबईत छापलेले ते मत दिल्लीच्या त्या बंद घरापर्यंत पोहोचले नाही. बुरहाननेही दसातीरचे शब्द खरे समजून आपल्या कोशात घेतले होते. ज्या कोशाच्या शब्दाशब्दावर मिर्झा भांडले, त्यातले हे बनावट शब्द त्यांच्या नजरेतून सुटले, कारण ते त्यांना आवडत होते. विसाव्या शतकात तेहरानला डॉ. मुहम्मद मोईन यांनी 'बुरहान-ए-काते'ची आवृत्ती काढली, तेव्हा अशा शब्दांखाली तळटीप देऊन त्यांनी 'दसातीरमधून' असा शेरा मारला.